पालथ्या नगरीचे पाहुणे

आमच्या आळीतली माणसं प्रवासाला निघतात ती काशी-रामेश्वराला, आणि ज्यांचे जावई चांगले निघाले ती काश्मीरला. मी बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले असं कळल्यावर समोरच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "कोण आजारी होतं हो?" कुणी नव्हतं आजारी. सगळे ठणठणीत होते, आणि मी तर तिथून चांगली बाळसं धरून आले. तरीही त्या माझ्याकडे बराच वेळ काळजीनं बघत होत्या. म्हणून म्हटलं, सगळं एकदा नीट लिहूनच काढावं.

माझा धाकटा भाऊ सुधाकर जुन्या गावांचं उत्खनन करणाऱ्या खात्यात आहे. आमच्या आईला 'उत्खनन' हा शब्द मंजूर नाही, ती 'उकरणं' म्हणते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि नव्या घरात गेल्यावर माणूस जशी सगळी फडताळं उघडून बघतो तशी सगळ्या खात्यांना आपल्याकडे काय काय आहे ते बघायची हौस आली होती. त्या हौसेत सुधाकरला साखरखेर्ड्याच्या पलीकडे पिंपळखेडी नावाच्या खेड्यात धाडलं. तिथे एक मोठी पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. त्याच्या पोटात एक मोठं शहर आहे, पैठणहून विदर्भात जाणाऱ्या वाटेवरची ती बाजारपेठ होती, असं सुधाकरनं डोक्यात घेतलं. आता हा मुलगा एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. लहानपणी एका मांजराला बोलायला शिकवत होता.

पावसाळा सरल्यापासून तो तिथेच होता. दिवाळीलाही आला नाही. संक्रांत झाल्यावर आईनं मला बोलावलं. "हे बघ, त्याच्या खात्यातले वरचे डॉक्टरसाहेब तिथे पाहणीला येणार आहेत. त्यांना शहर दिसलं नाही तर काम बंद. मामांच्या ओळखीनं बँकेत जागा रिकामी आहे, ती काही वाट बघत बसणार नाही. तू जा आणि त्याला घेऊन ये. हातात कुदळ घेऊन हिंडणाऱ्याला मुलगी कोण देणार?"

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही त्यावर माझा फारसा विश्वास नसतो. शिवाय आईचं म्हणणं मला पटलं होतं. "घेऊन येते," म्हटलं, रजा टाकली, दशम्या बांधल्या आणि निघाले.

सिंदखेडराजाच्या पुढे

जालन्याला आगगाडी सोडून लाल यष्टी धरली. सिंदखेडराजाला एक म्हातारी चढली. तिनं बोरांची पाटी सरळ माझ्या मांडीवर ठेवली आणि ऐसपैस बसून घेतलं.

"कुठं जाऊन राह्यल्या, बाई?"

"पिंपळखेडीला."

"मंग तुमी खापरवाल्या सायबाच्या कोन वं?"

मी बहीण आहे म्हटल्याबरोबर पुढच्या चार बाकांवरच्या माना मागे वळल्या. म्हातारीनं माझ्याकडे अशा कळवळ्यानं पाहिलं की मलाच रडू यायचं. "चांगल्या घरचं पोरगं हाय वं माय. गुनाचं हाय. पन दिवसभर खड्ड्यात बसून रायते, अन् आपल्याशीच हासते." मग तिनं पाटीतली ओंजळभर बोरं माझ्या पदरात टाकली. एवढा मोठा आजार घरात आहे म्हटल्यावर बाईला निदान बोरं तरी मिळावीत असा तिचा हिशेब असावा. बोरं मात्र काय सांगू, साखर!

बाहेर काळी जमीन सुरू झाली होती. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचे सांगाडे, मधे तुरीची तासं, आणि कणसांनी वाकलेली ज्वारी. घरांना कौलं नाहीत. वर मातीचं सपाट धाबं, आणि त्या धाब्यावर मिरच्या, कुरडया, पोरं, कुत्री, सगळं वाळत पडलेलं. आमच्याकडे गच्ची ही श्रीमंतांची मिरास, इथे गावातला गरिबातला गरीब माणूसही गच्चीवर झोपतो.

साखरखेर्ड्याला त्या दिवशी बाजार होता. यष्टीतून उतरले आणि एक काळाठिक्कर, दाढी वाढलेला माणूस माझी वळकटी ओढायला लागला. मी त्याच्या हातावर छत्री हाणली. "अक्का, मी!" तो ओरडला. अगं बाई! तो सुधाकर होता. पण रोडावला कुठला, चांगला खांद्यात भरला होता. त्यानं बाजारातून वांगी घेतली, लसूण घेतला, आणि बैलगाडीकडे जाता जाता सगळ्या गावाला माझी ओळख करून दिली. वाटेत म्हणाला, "या गावाच्या शिवारात मोठी लढाई झाली होती. दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार आणि निजाम." मी म्हटलं, "आधी मला चहा पाज, मग बादशहाचं बघू."

ताटात आलेलं शहर

पिंपळखेडीत सुधाकर सरपंचांच्या घरी राहतो. सरपंच आबाजी हे उंच, मिशाळ आणि शांत गृहस्थ. घरची शेती, मळ्यात भाजीपाला. त्यांची बायको चंद्रभागावहिनी ठेंगणी, चपळ, आणि अजिबात शांत नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत तिनं माझ्या पायावर पाणी ओतलं, हातात तांब्या दिला, आतून गुळाचा खडा आणला आणि एवढं सगळं करताना, "पाव्हणीले उभं काऊन ठेवलं?" म्हणून नवऱ्यावर ओरडून घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, "चहा घेणार का?" नाही म्हटलं तर सुटलो म्हणतात. इथे विचारायची पद्धतच नाही.

जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. ठेच्याचा पहिला घास घेतला आणि मला माझे सगळे पूर्वज दिसले. डोळे पुसतेय तोवर धाब्यातून माती सुटली आणि खड्यासारखा एक तुकडा भरितात पडला. मी तो बाजूला काढणार, तेवढ्यात सुधाकरनं झडप घातली. खरकट्या बोटांनी पुसून कंदिलापाशी धरला.

"अक्का! काळं-तांबडं खापर! सातवाहनांच्या वेळचं. तुझ्या ताटात दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर पडलंय!"

"शहराला म्हणावं, निदान भरीत संपेपर्यंत थांब," मी म्हटलं. सगळं घर हसलं. मग कळलं ते असं. दर उन्हाळ्यात गावातली माणसं टेकाडाची पांढरी माती खणून आणतात आणि धाब्यावर पसरून चोपतात. त्या मातीतून पाणी झिरपत नाही. वर्षानुवर्षं हे चाललंय. म्हणजे गावात असं एकही घर नाही ज्यानं त्या जुन्या शहराचा थोडा तुकडा डोक्यावर घेतलेला नाही. सुधाकरची घाई होती ती यासाठी. काम बंद झालं की खड्डा बुजवायचा, आणि मग येत्या काही उन्हाळ्यांत उरलेलं टेकाडही धाब्यांवर चढणार. त्यात गावाचा दोष नाही. पावसात गळणारं घर काय सातवाहनांना सांगणार?

खड्डा

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरनं मला खड्डा दाखवला. आईनं हा शब्द ऐकला असता तर! पण होता तो खड्डाच, चांगला चौकोनी, दोन पुरुष खोल, उतरायला शिडी. बाजू इतक्या नीट तासलेल्या की सुरीनं कापलेली वडी वाटावी. आणि त्या उभ्या बाजूवर पट्टे दिसत होते, करडे, पिवळे, काळपट, राखाडी, अंगावरची जुनी गोधडी कडेनं उसवल्यावर आतले धडपे दिसतात तसे. प्रत्येक पट्ट्याला सुधाकरनं खिळ्यानं चिठ्ठी टोचली होती.

"सगळ्यात वर आपण," तो म्हणाला. "ही बघ विडीची थोटकं. खाली निजामाच्या वेळची नाणी. मग बांगड्यांचे काचेचे तुकडे, सुलतानांच्या काळातले. मग यादव. मग इथे गाव ओसाड होतं, बघ, नुसती माती. मग मोठाल्या सुट्या विटा. आणि हे सगळ्यांत खालचं सातवाहनांचं. त्याच्या खाली काळी जमीन, जिथे कुणीच नव्हतं."

खरं सांगते, मी गणिताची बाई, पण त्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून वर पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढी माणसं जेवून, भांडून, झोपून गेली, आणि त्यांच्या सगळ्याची उंची दोन पुरुष.

"मग डॉक्टरसाहेबांना आणखी काय हवंय?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "ते म्हणतात, खापरं उकिरड्यातही सापडतात. शहर म्हणायचं तर घर दाखवा. एक भिंत, एक जमीन, काहीतरी. मला आख्ख्या खड्ड्यात भिंत लागलेली नाही, अक्का. चार दिवसांनी ते येणार. निदान हे थर बघून त्यांचं मन वळलं तर वळलं. दुसरं माझ्याजवळ काही नाही."

वर आबाजी विडी ओढत उभे होते. त्यांना या थरांचा सगळा क्रमच मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, ही पालथी नगरी आहे. फार पूर्वी इथे राजाचं मोठं शहर होतं. एकदा भर दुपारी एक थकलेली बाई पाहुणी म्हणून आली. दारोदार हिंडली, पण कुणी तिला पाणी दिलं नाही, बस म्हटलं नाही. ती होती देवी. तिनं शाप दिला आणि आख्खी नगरी ताट पालथं घालावं तशी पालथी घातली.

"आता नगरी पालथी पडली म्हंजे जुनं वरतं आलं अन् नवं खालतं गेलं. बरोबर हाय का नाही?" आबाजींनी मलाच विचारलं.

"मग ती वरची विडीची थोटकं सगळ्यांत जुनी का?" सुधाकर खड्ड्यातून म्हणाला.

आबाजींनी विडीचा झुरका घेतला. "ते माह्या आज्याचे असतीन. तो लय जुना मानूस होता."

या गोष्टीचा एक परिणाम मला पुढच्या दोन दिवसांत चांगलाच भोगावा लागला. पाहुण्याला कमी पडलं की नगरी पालथी होते, हे या गावात लहान पोराला सुद्धा ठाऊक. त्यामुळे मी रस्त्यानं निघाले की दारादारांतून बाया धावत. "बाई, पानी तरी प्या वं!" मी पाणी पिऊन पिऊन टम्म झाले. मळ्यात हुरडा भाजला, तो नको म्हणेपर्यंत हातांवर चोळून चोळून वाढला, वर दही, लसणाची चटणी आणि गूळ. चंद्रभागावहिनीनं चुलीवर घागरीसारखं मातीचं खापर पालथं घातलं आणि त्यावर पुरणाचे मांडे केले. धोतराएवढा तो मांडा ती दोन्ही हातांवर अशी फिरवायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मी एक प्रयत्न केला. माझा मांडा चुलीत गेला, आणि घरातलं मांजर सुद्धा माझ्याकडे तुच्छतेनं बघायला लागलं.

लोणार

डॉक्टरसाहेब यायच्या दोन दिवस आधीच खड्डा लखलखीत तासून तयार होता. सुधाकर मात्र त्याच्याभोवती येरझारा घालत होता. "तू इथे थांबलास तर ते थर झिजतील," मी म्हटलं. "चल, मला लोणार दाखव." आबाजींनीही दुजोरा दिला. "जा न भाऊ. आमी हाओत न. साहेबाच्या सरबराईत काही कमी पडू देत नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो, साखरखेर्ड्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे यष्टी.

लोणारचं सरोवर म्हणजे जमिनीला पडलेली प्रचंड वाटी. काठावर उभं राहिलं की खाली गर्द झाडी आणि मधे हिरवट पाणी. कुणी म्हणतात हा ज्वालामुखी, कुणी म्हणतात आकाशातून दगड पडला. तिथल्या पुजाऱ्याला विचाराल तर लवणासुर दैत्य इथे भुयारात राहायचा, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याचं झाकण उडवलं. मला पुजाऱ्याचं पटलं, कारण त्यानं बोट करून झाकण कुठे पडलं तेही दाखवलं. खाली उतरताना माझी चप्पल घसरली आणि मी करवंदीच्या जाळीत बसले. लुगड्याला खोंबारा पडला. पाणी चाखून पाहिलं, तर मचूळ खारट! आणि काठावर मात्र गोड पाण्याची धार अखंड वाहते. आमच्या घरातल्या माणसांचंही असंच आहे.

त्या धारेपाशी दशम्या खाताना मी आईचा निरोप सांगितला. बँक, मामा, मुलगी, सगळं. सुधाकरनं हातातली दशमी खाली ठेवली.

"उद्या साहेबांनी नाही म्हटलं तर येईन तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "वाद घालणार नाही. पण अक्का, तिथे माणसं राहत होती गं. मला त्यांचं काही मोठं नको. कुणाच्या चुलीची राख, कुणाचा फुटलेला माठ. ही माणसं होती, एवढं कुणीतरी म्हणायला नको का?"

मला राग आला. त्याच्यावर नाही, आईवर नाही, कुणावर ते मला कळेना. बरोबर आणलेली चहाची किटली उगाच आपटली आणि म्हटलं, "खा मुकाट्यानं. दशमी गार होतेय." दशमी कालचीच होती.

सारवण

संध्याकाळी गाडी गावाशी आली आणि मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच गावात आलो. रस्ता झाडलेला, सडे पडलेले, प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीला पांढरा पोतारा. टेकाडाच्या वाटेवर आंब्याच्या डहाळ्या. सुधाकर गाडीतून उडी टाकून पळत सुटला. मीही लुगडं सावरत मागोमाग.

खड्ड्याच्या तोंडाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. शिडीला झेंडूच्या माळा. आणि आत... आत चारही बाजू वरपासून खालपर्यंत शेणमातीनं सारवलेल्या होत्या! गुळगुळीत, ओल्या, बोटांचे सुंदर अर्धगोल वळसे उठलेल्या. वर पांढऱ्या मातीची नक्षी, वेलबुट्टी, दोन मोर. तळाशी रांगोळी. एकही थर दिसत नव्हता. निजाम, सुलतान, यादव, सातवाहन, सगळे एका शेणाच्या हाताखाली गडप. चिठ्ठ्या मात्र खिळ्यांसकट जपून काढून एका सुपात ओळीनं मांडलेल्या होत्या.

काठावर सगळ्या बाया उभ्या होत्या, कोपरापर्यंत शेणानं माखलेल्या, दमलेल्या आणि खुशीत. चंद्रभागावहिनी पुढे आली. "पाहा बाई! दिवसभर लागलो होतो. शिडीवर उभं राहून राहून कंबरडं मोडलं."

माझा तोल सुटला. "अहो, हे काय करून ठेवलंत तुम्ही? सगळं बुजवून टाकलंत! कुणी सांगितलं होतं तुम्हांला?"

बायांचे चेहरे एकदम पडले. वहिनीनं गोंधळून हात पदराला पुसले. "काऊन वं माय? एवढे मोठे साहेब येऊन राह्यले. उघड्या, उकरल्या भिताडात त्याईले उतरवता काय? आमच्या गावाले काय म्हनतीन?" तिनं चिठ्ठ्यांचं सूप पुढे केलं. "मी तर भाऊच्या चांगल्यासाठीच केलं."

मी सुधाकरकडे पाहिलं. तो काठावर बसला होता, दोन्ही हात डोक्याला लावून. मग त्यानं मान वर केली, त्या दोन मोरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, डावीकडचा मोर फार झकास आलाय."

"तो म्या काढला," वहिनी हलकेच म्हणाली.

त्या क्षणी मला माझ्या भावाची अशी काही माया आली की सांगता सोय नाही. मी आईला दिलेला शब्द तिथेच मनातल्या मनात मोडून टाकला. पण आता त्याचा काय उपयोग? परत तासायला माणसं लावून दोन दिवस हवे होते, आणि साहेब तर सकाळी दारात.

डॉक्टरसाहेब

ते जीपमधून उतरले ते भुवया आवळूनच. पांढरे केस, खाकी अर्धी विजार, पायांत जाड बूट. बायांनी ओवाळलं, आबाजींनी नारळ दिला. साहेबांनी सगळं सोसलं आणि म्हणाले, "खड्डा."

सुधाकर आणि ते शिडीनं खाली गेले. मी काठावर, माझ्याभोवती सगळं गाव. साहेबांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं. मोरांपाशी जरा जास्त वेळ थांबले.

"हे काय आहे?"

"गावानं सारवलंय, सर. पाहुणे येणार म्हणून." सुधाकरनं दुसरी कुठलीही सबब सांगितली नाही. "थर मागे तसेच आहेत. मी तासून देतो."

"खुरपं."

साहेबांनी स्वतः खुरपं घेतलं आणि तळाशी, मोराच्या पायाखाली, एक ओरखडा काढला. सारवण रात्रभरात धड वाळलंही नव्हतं, जड होऊन मातीला ओढत होतं. खुरपं लागलं मात्र, भस्सकन आवाज झाला आणि मोरासकट परातीएवढा पोपडा, मागची चांगली चार बोटं माती घेऊन, साहेबांच्या बुटांवर कोसळला.

"पडलं वाटते," आबाजी माझ्या कानाशी दुःखानं म्हणाले.

खाली सुधाकर गुडघ्यांवर बसला. हातानंच माती बाजूला केली, मग कुंचल्यानं, अगदी हलकेच, बाळाच्या तोंडावरचा भात पुसावा तसं. माती पडली होती त्याच्या मागे दुसरी माती नव्हती. एक सपाट, फिकट पिवळी, उभी बाजू होती. आणि त्यावर बोटांचे अर्धगोल वळसे उठले होते. एकाखाली एक, एकाला लागून एक. खड्ड्याच्या उरलेल्या तीन बाजूंवर कालचे जसे होते, अगदी तसेच.

"घर," साहेब म्हणाले.

सुधाकरचा खड्डा त्या भिंतीच्या चार बोटं अलीकडे थांबला होता. आम्ही लोणारला गेलो नसतो, गावाला पाहुण्यांची एवढी काळजी नसती, बायांनी हात राखून सारवलं असतं, तर ती भिंत तशीच बुजली असती.

साहेबांनी वर पाहिलं. "हे कुणी सारवलं?"

सगळं गाव एक पाऊल मागे सरलं. चंद्रभागावहिनी तेवढी पुढे उरली. "म्या," ती म्हणाली. साहेबांनी तिला खाली बोलावलं. पदर खोचून ती उतरली, आणि भिंतीसमोर उभी राहिली. साहेब म्हणाले, "लावा हात. हळूच."

तिनं आपली बोटं त्या वळशांवर ठेवली, न दाबता, नुसती टेकवून. वळशावर हात वरून खाली एकदा फिरवला. हात बरोबर बसत होता. मग तिनं आधी त्या मातीकडे आणि नंतर वर नवऱ्याकडे पाहिलं, जरा रागानंच.

"अहो, हिच्या घरी बी पाव्हणे येनार होते वाटते. पाहा न, कसं मन लावून सारवलं बिचारीनं. मंग तिले श्राप काऊन देल्ला?"

मी गणिताची बाई, पण माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही मला सुचलं नाही.

साहेबांनी खुरपं सुधाकरच्या हातात दिलं. "एका भिंतीनं शहर होत नाही," ते म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात आणखी चार खड्डे घ्या, सुधाकर. माणसं वाढवून देतो." शिडी चढताना ते मधेच थांबले. "आणि पुन्हा सारवायचं असेल तर आधी मला कळवा."

जेवायला मांडे होते. साहेबांना खूप आग्रह झाला आणि नगरी पालथी पडण्याचा धोका टळला. आबाजींनी हात धुता धुता जाहीर केलं की या उन्हाळ्यात धाब्यांची माती टेकाडाच्या ओढ्याकडच्या अंगानं घ्यायची, खड्ड्याच्या बाजूला कुदळ लावायची नाही. मग माझ्या ताटात वरून पुन्हा थोडी माती पडली. मी ती बोटानं बाजूला केली आणि जेवत राहिले.

घरी

आई दारातच उभी होती. माझ्या मागे बघितलं, गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं, आणि मग म्हणाली, "तो कुठाय?"

"खड्ड्यात," मी म्हटलं, आणि लगेच आत जाऊन चूल पेटवली, म्हणजे तिला बोलायला उसंत मिळू नये. मग मीच सांगायला लागले. बोरांची पाटी, भरितातलं खापर, विडीची थोटकं, मोर, सगळं. साहेबांच्या बुटांवर मोर कोसळला तिथे आई हसली. चंद्रभागावहिनीनं हात लावला तिथे तिनं पोळी लाटायचं थांबवलं. शेवटी साहेब काय म्हणाले तेही सांगितलं. बँकेचं नाव तिनंही काढलं नाही, मीही काढलं नाही.

रात्रीची भांडी आवरून झाली, दिवा बारीक केला. ती अंथरुणावर पडली. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात अंधारातून तिनं विचारलं,

"त्या बाईकडचे पाहुणे आले का गं मग?"

"आले की," मी म्हटलं. "जरा उशीर झाला त्यांना, इतकंच."